कॅथलिक विचार, राजकारण आणि आपल्या हातातला मोबाइल



व्याख्यानमालेचे यंदाचे एक पुष्प मी गुंफावे असे मंडळाने ठरवले, तेव्हा मी मधुमेहावर नाहीतर दशलक्षण पर्वावर बोलेन असे सर्वांनी धरूनच ठेवले होते. इतक्या वर्षांत या दोन विषयांपलीकडे मी फारसा गेलो नाही, हे खरे. म्हणून कॅथलिक ख्रिस्ती लोक राजकारणाकडे आणि मोबाइलकडे कसे पाहतात यावर बोलायचे आहे असे मी सांगितले, तेव्हा कार्यवाहांनी सरळच विचारले, “डॉक्टरसाहेब, यात आपला काय संबंध?” संबंध आहे, पण तो अभिमानाने सांगावा असा नाही. म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

सप्टेंबर २०१९ मधली गोष्ट. दशलक्षण संपून क्षमावाणीचा दिवस होऊन गेला होता. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे ‘उत्तम क्षमा’चा संदेश ओळखीच्या सगळ्यांना धाडला होता. त्यानंतर पुरते दोन आठवडेही झाले नसतील. उस्मानाबादला भरणाऱ्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाल्याची बातमी आली, आणि रात्री अकराच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक मजकूर येऊन पडला. पांढऱ्या झग्यातल्या फादरांचा फोटो आणि खाली लांबलचक लिखाण. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या, तीन गटांना तो पुढे पाठवला आणि दिवा मालवून झोपलो.

त्यातला एक गट नेत्रशिबिराच्या कार्यकर्त्यांचा होता. शिबिराला मदत करणाऱ्या एक कॅथलिक सिस्टरही त्यात होत्या, हे मी विसरलो होतो. मूळ केरळच्या, पण बल्लारपूरकडे बरीच वर्षे काढलेल्या, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या नातवंडांपेक्षा स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीला घेऊन त्या दवाखान्यात आल्या. म्हातारीचे झाल्यावर म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, रात्रीचा तो मेसेज तुम्ही वाचला होता का?” मी म्हणालो, “नाही सिस्टर, पूर्ण नाही वाचला.” “मग ठीक आहे,” म्हणाल्या, आणि म्हातारीचा हात धरून निघून गेल्या. ते ‘ठीक आहे’ मला अजून पचलेले नाही. आम्ही होमिओपॅथीवाले रोग्याला तासभर प्रश्न विचारतो, झोप कशी, तहान किती, स्वप्ने कसली, आणि मग चार साबुदाण्याएवढ्या गोळ्या देतो. त्या रात्री मी एकही प्रश्न न विचारता तीन ठिकाणी डोस दिला होता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. ते वाचन आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्या जुन्या घरांतून ‘ख्रिस्ती’ म्हटले की रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाई आठवतात. इकडे तेलंगणात मेदकचे भव्य चर्च दाखवायला पाहुण्यांना नेतात. ही सारी मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेतली, आणि मेदकचे चर्चही त्याच बाजूचे. कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपना मानणारे. त्यांचे धर्मगुरू अविवाहित असतात, त्यांच्यात पापनिवेदनाचा संस्कार असतो, आणि जोगिणींचे संघ असतात, ज्यांना आपण सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो. महाराष्ट्रात त्यांची मोठी वस्ती वसईत. तिथले लोक पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण घरात सामवेदी आणि वाडवळी बोली बोलत राहिले आणि मिस्सा मराठीत करू लागले. आपल्या भागातली गोष्ट वेगळी. चांद्याला १९६२ पासून केरळच्या सायरो-मलबार परंपरेतल्या कॅथलिकांचे काम सुरू झाले, आणि १९९९ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यासाठी निराळा धर्मप्रांत होऊन त्याचे ठाणे मंचिर्यालला आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. या सिस्टर मंडळींना मात्र दोन्हीकडे जा-ये करावी लागते, जशी आपल्याला सोयरिकीसाठी करावी लागते.

मराठीशी कॅथलिकांचे नाते तर आपल्या बहुतेक घराण्यांच्या वंशावळीपेक्षा जुने आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्याही रोमी लिपीत. शिवरायांच्या जन्माआधी चौदा वर्षे.

आता राजकारण. माझा समज असा होता की चर्च म्हणेल तिकडे कॅथलिक मते पडतात. थोडे खोलात गेल्यावर चित्र गुंतागुंतीचे निघाले. १९८३ च्या त्यांच्या धर्मविधी-संहितेप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचे सार्वजनिक पद घेता येत नाही, आणि पक्षाच्या कामात सक्रिय भागही घेता येत नाही. अपवाद फार थोडा, तोही वरिष्ठांनी ठरवलेला. साहित्याच्या वाचकांना एक उदाहरण जवळचे वाटेल. निकाराग्वाचे कवी एर्नेस्तो कार्देनाल हे धर्मगुरू होते आणि क्रांतीनंतर सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे विमानातून उतरले, तेव्हा कार्देनाल गुडघे टेकून स्वागताला बसले होते, आणि पोपनी सर्वांदेखत बोट उगारून त्यांची कानउघाडणी केली. पुढे त्यांच्या धर्मकार्यावर बंदी आली. ती २०१९ मध्ये, कवी नव्वदीच्या पुढे गेल्यावर, पोप फ्रान्सिस यांनी उठवली. मला ती कानउघाडणी कठोर वाटते. पण नियम काय आहे हे तिच्यातून स्पष्ट कळते.

पक्षापासून दूर राहायचे याचा अर्थ मात्र गप्प बसायचे असा त्यांच्याकडे होत नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढी मजुरी मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे, मालकाच्या मेहेरबानीचा नाही, असे त्यात सांगितले. संघटना करण्याचा हक्क मानला, त्याचबरोबर खाजगी मालमत्तेचाही. बेल्लमपल्लीच्या नाहीतर बल्लारपूरच्या कोळसा खाणीत ज्यांच्या घरचे कोणी उतरले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी ‘लिओ चौदावे’ हे नाव घेतले, त्याचे कारणही त्यांनी हेच दिले. तेव्हा यंत्रे आली होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, आणि माणसाच्या श्रमाची प्रतिष्ठा पुन्हा पणाला लागली आहे.

पोप फ्रान्सिस यांच्या २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात, म्हणजे ‘सारे बंधुजन’ यात, एक दाखला आहे. एखाद्या वृद्धाला हात धरून नदी पार करवणे हा परोपकार. आणि राजकारणी माणूस त्या नदीवर पूल बांधतो, तोही परोपकारच. श्रावणात आपल्याकडचे नाले भरले आणि पलीकडच्या गावातली बाळंतीण अडकली, की या दाखल्याचा अर्थ मला दरसाल नव्याने कळतो. राजकारण गलिच्छ म्हणून हात झटकणाऱ्या आपल्यासारख्या सुखवस्तू माणसांना यात सूट नाही. सीमेवरच्या ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तिथल्या लोकांना तर पुलाआधी तो कोणाच्या नकाशावर आहे हेच विचारावे लागते.

आणि इथे फादर दिब्रिटो परत येतात. मी तो मजकूर पुढे ढकलला, तेव्हा त्यांच्याविषयी मला जवळजवळ काहीच माहीत नव्हते. वसईच्या नंदाखालचे. १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. ते मासिक त्यांनी चर्चच्या आवारातून बाहेर काढले, आणि महाराष्ट्रभरचे बिगरख्रिस्ती लेखक त्यात लिहू लागले. इस्रायल-पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ लिहिले, आणि संपूर्ण बायबल ‘सुबोध बायबल’ म्हणून सोप्या मराठीत आणले. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्यात ते पुढे उभे राहिले. त्या लढ्यात हिंदू शेतकरी होते तसे ख्रिस्तीही होते. केळीच्या बागेला कुठला धर्म? जोडेघाट आपल्यापासून काही लांब नाही. जल, जंगल, जमीन म्हणजे काय हे कुमरम भीमच्या मुलखात सांगायला नको. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोपनी जमिनीचा नाश आणि गरिबाचे हाल ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे मानली. वसईत तो लढा त्याच्या पंचवीसएक वर्षे आधीच उभा राहिला होता.

अशा माणसाच्या निवडीवर आक्षेप आले, धमकीचे फोन आले. संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक बंद होऊन सन्मानाने निवड करण्याची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आदल्या वर्षी यवतमाळला अरुणा ढेरे अशाच आल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये फादर पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही उस्मानाबादला आले आणि अध्यक्षीय भाषण करून गेले. जुलै २०२४ मध्ये ते वारले.

आता मोबाइल. २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातमीचे पहिले उदाहरण म्हणून बायबलच्या पहिल्याच पुस्तकातला साप घेतला आहे. गोष्ट आपल्याला ढोबळ माहीत असते. पण बारकावा पाहा. देवाने बागेतल्या एकाच झाडाचे फळ वर्ज्य केलेले असते. साप हव्वेला विचारतो, “काय गं, बागेतल्या कुठल्याच झाडाचे खाऊ नका, असे म्हणाला ना देव?” यात धडधडीत खोटे विधान एकही नाही. नुसता प्रश्न आहे. ‘एक’चे ‘कुठलेच’ झाले आहे, एवढेच. हव्वा चूक दुरुस्त करायला जाते, आणि त्या भरात देव म्हणाला नव्हता असे आणखी एक वाक्य, ‘शिवूसुद्धा नका’, स्वतःच जोडून बसते. म्हणजे खोट्याला उत्तर देता देता आपणही त्यात भर घालतो. आपल्या गटांतले वाद आठवून पाहा. ‘विचारायला काय हरकत आहे?’ म्हणून सुरू होणारे संदेश कसे चालतात, हे मला कोणत्याही तंत्रज्ञाने इतके नीट सांगितले नव्हते. तो साप हितचिंतकाचा आवाज काढतो, ही आणखी एक खूण. माझ्याकडे आलेला मजकूरही ‘मराठी भाषेच्या हितासाठी’ असाच सुरू होत होता.

यापुढची पायरी मला अधिक महत्त्वाची वाटली, कारण ती पापाची बारीक निवड करते. कॅथलिकांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात जिभेच्या दोषांचे तीन वेगळे कप्पे आहेत. पुराव्याविना दुसऱ्याचा दोष मनात खरा मानणे, हा पहिला. इथे तोंडातून शब्दही गेलेला नसतो. दुसऱ्याचा खरा दोष, ज्यांना तो माहीत नाही अशांना, योग्य कारण नसताना सांगणे, हा दुसरा. आणि खोटे बोलून दुसऱ्याचे नाव घालवणे, हा तिसरा. आपण धडपडतो ते तिसऱ्यापुरते. ‘पण खरेच आहे ना ते!’ एवढे म्हटले की आपल्याला मोकळे वाटते, आणि दुसऱ्या कप्प्याचा पत्ताच नसतो. कोणाच्या सुनेचे काय झाले, कोणाचा मुलगा परदेशातून का परतला, हे सारे खरे असूनही त्या कप्प्यात जाते.

जैन घरात जन्मलेल्याला इथे ओळखीचे काही दिसले नसते तरच नवल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात ‘रहोभ्याख्यान’ आहे, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, आणि ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. फोटोखाली दुसऱ्याच्या नावाचे वाक्य चिकटवणाऱ्यांना हा शब्द शोभतो. भाषासमिती आणि वचनगुप्ती लहानपणी पाठशाळेत मी घोकून पाठ केल्या होत्या. पाठ असणे आणि रात्री अकरा वाजता आठवणे यांत फार अंतर आहे, एवढाच माझा अनुभव.

मे २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने समाजमाध्यमांवर एक चिंतनपत्र काढले. त्यात, ‘फ्रातेल्ली तुत्ती’प्रमाणेच, मध्यभागी आहे ती भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट. वाटेवर चोरांनी मारून टाकलेला एक जण पडलेला. देवळाचा याजक बाजूने निघून जातो, सेवेकरीही जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या जातीशी त्या लोकांचा उठण्याबसण्याचाही व्यवहार नव्हता. चिंतनपत्र म्हणते, मोबाइलवरची वाटही तशीच. तिथेही कोणी शब्दांचा मार खाऊन पडलेला असतो, आणि आपण अंगठ्याने वर सरकवून पुढे जातो. कंपन्यांचा धंदा आपले लक्ष विकण्यावर चालतो, म्हणून आपल्यासारखेच विचार करणारे लोक आपल्याला सतत दाखवले जातात, आणि वाटेत पडलेला परका दिसेनासाच होतो. त्यातली एक कबुली मला आवडली. बिशप, धर्मगुरू आणि कॅथलिक पुढारीही समाजमाध्यमांवर भांडखोर आणि उथळ वागतात, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. खुद्द पोप फ्रान्सिस यांना सर्वात जहरी शब्द कधीकधी कॅथलिकांकडूनच ऐकावे लागले.

उपायांत नवे फारसे नाही. २०२० च्या राखेच्या बुधवारी, म्हणजे त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पोप म्हणाले की या काळात मोबाइल थोडा दूर ठेवा, आणि निरर्थक बोलणे व अफवाही सोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. संगणकात तरबेज. तो व्हिडिओ गेम आठवड्यातून एक तास खेळायचा, असे सांगतात. आपल्याकडे याला भोगोपभोग परिमाण व्रत म्हणतात. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी डोके दुखते म्हणून येणाऱ्या तरुणांना मी गोळ्या देतो, आणि एक तासाचे हे परिमाणही सांगतो. गोळ्या ते नेमाने घेतात.

आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आतापर्यंत चुळबुळत असेल. धर्मांतराचे काय? तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोव्यात १५६० पासून जवळजवळ अडीचशे वर्षे इन्क्विझिशन चालले, आणि त्याची आठवण कोकणी-मराठी घराण्यांच्या स्थलांतरांत अजून आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन घोषणापत्रे काढली. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, हे एकात, आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्यात. पण ख्रिस्ताचा संदेश सांगणे हे कर्तव्य आहे, ही भूमिका त्यांनी सोडलेली नाही. अनेकान्त मानणाऱ्या मला ती पटत नाही, आणि हे मी सिस्टरांना सांगितलेही आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमचंही मला सगळं पटत नाही, डॉक्टरसाहेब.” आमचा चहा तरीही झाला. मतभेद असा समोरासमोर झाला की माणूस समोरच राहतो. न वाचता पुढे ढकललेल्या मजकुरात माणूस नसतोच.

शेवटी एक मुद्दा, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला. पापनिवेदनात क्षमा मिळते, हे आपल्याला नाटकसिनेमांतून माहीत आहे. पण कोणाचे नाव घालवले असेल तर नुसती क्षमा पुरत नाही, ते नाव भरून देण्याची जबाबदारी राहते, असे तोच धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. शक्य तर उघडपणे, आणि ज्यांच्यापुढे ते घालवले त्यांच्यापर्यंत. क्षमावाणीला मी सर्वांना एकच संदेश पाठवून मोकळा होतो, त्यापेक्षा हा हिशेब कडक आहे.

नेत्रशिबिराच्या गटात मी त्याच आठवड्यात लिहिले. वर्गमित्रांच्या गटात लिहायला चार महिने लागले, आणि दोघांनी माझी चेष्टाही केली. तिसरा गट आपल्या वांकिडी-आसिफाबादकडच्या जुन्या मराठी घरांचा होता. तो पुढे बंद पडला आणि माझे राहून गेले. त्यातले बहुतेक जण या व्याख्यानमालेचे वाचक आहेत.

फादर दिब्रिटो यांचे मराठीत काही लेखनच नाही, असे त्या मजकुरात म्हटले होते. ते खोटे होते. ते अध्यक्षपद धर्मप्रसारासाठी मिळवले आहे, असेही होते. त्याला कसलाही पुरावा नव्हता. तो मजकूर आपल्याला मी पाठवला होता, न वाचता.